शेवटच्या बारीचं वय

उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही, पायावर पाणी घेतलं नाही, गुळपाणी तर लांबच, आणि त्या बाईनं पहिला सवाल केला तो माझ्या वयाचा.

"काय म्हणते?" मी पटवर्धनबाईंना विचारलं.

पटवर्धनबाई पुण्याच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी बरीच वर्षं कोरियात काढून ती भाषा शिकून आलेल्या. हा सगळा घाट त्यांचाच: कोरियातली एक जुनी नाचणारी बाई सोलापूर रस्त्यावरच्या आमच्या संगीतबारीच्या थेटरात आणायची, आणि एकाच बोर्डावर, म्हणजे रंगमंचावर, तिचा नाच आणि आमची लावणी ठेवायची. त्या पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, "आक्का, राग मानू नका. त्या विचारतायत, आपलं वय काय?"

थेटरातल्या बाईला काय वाट्टेल ते विचारावं. गाव विचारावं, आई कोण विचारावं, सुपारी किती घेते ते विचारावं. वय विचारायची आजवर फौजदाराची छाती झाली नव्हती. आणि ही टीचभर बाई, पायात पांढरे मोजे, केसांचा चापून बांधलेला अंबाडा, त्यात आडवी चांदीची काडी, दोन्ही हात पोटाशी धरून, माझ्या तोंडाकडं बघत उत्तरासाठी उभी!

माझ्या मागं जयवंता उभी होती. हे मुद्दाम सांगते. ती उभी नसती तर पुढचं रामायण झालंच नसतं.

जयवंता म्हणजे आमच्या थेटरातल्या दुसऱ्या पार्टीची मालकीण. अशा पाच पार्ट्या होत्या. रोज सगळ्यांच्या बाऱ्या लागायच्या, आणि त्यात शेवटची बारी मानाची. आधीच्या बाऱ्यांना पोरी नाचतात, शिट्ट्या पडतात, माणसं पान खायला उठतात. शेवटच्या बारीला माणूस मांडी घालून बसतं. ती बारी किती तरी वर्षं द्वारकाबाई वाळूजकरची होती, म्हणजे माझी. थेटराच्या रिती दोन. एकदा सोडलेली बारी परत मागायची नाही. आणि साठी झाली की चाळ खुंटीला टांगायचे, बोर्डावर बसायचं नाही. ही दुसरी रीत मीच घातलेली. जयवंताची मावशी शेवटच्या बारीवरनं उठता उठेना, तेव्हा थेटरमालकांच्या कानावर घातली आणि मालकांनी मान डोलावली. रीत चांगली होती. तेव्हा मी पंचेचाळिशीत होते.

तर जयवंताला नीट ऐकू जाईल असं मी म्हणाले, "चोपन्न."

"चोपन्न?" जयवंता म्हणाली. "मागच्या साली पण चोपन्नच होतं ना, आक्का?"

"मग काय दर साली वाढवायचं? आपण काय शाळामास्तर आहोत का, बढती घ्यायला?"

पटवर्धनबाईंनी माझं चोपन्न पलीकडं पोचवलं. बाईचं नाव ओकसून. ती मान हलवून हसली, छातीवर हात ठेवून काही बोलली.

"त्या एकसष्ट वर्षांच्या आहेत," पटवर्धनबाई म्हणाल्या.

"तिला कुणी विचारलं होतं?"

तिथून पुढं बाई बदललीच. आत्तापर्यंत पोटाशी हात धरून उभी होती, ती पुढं झाली, माझा गाल थोपटला, खांद्यावरचा पदर लहान पोरीचा नीट करावा तसा नीट केला, आणि मला मागं टाकून आत गेली. आत चार खुर्च्या मांडल्या होत्या, वर धुतलेल्या चादरी. त्या सोडून ती सरळ माझ्या गादीवर जाऊन बसली. लोडाला टेकून.

त्या गादीवर माझ्या बहिणीची मंदा, जिला मी पोटच्या पोरीसारखं वाढवलं, ती तापानं फणफणली असतानासुद्धा कधी बसली नाही. दारात थेटरातल्या साऱ्या पोरी पदर तोंडात कोंबून उभ्या. जयवंताचा पदर मात्र तोंडात नव्हता. ती उघड हसत होती.

"पटवर्धनबाई," मी म्हणाले, "विचारा तिला, तुमच्या मुलखात पाहुणी आली की घर तिच्या नावावर करून देतात का?"

पटवर्धनबाई खूप वेळ बोलल्या. गोड आवाजात, मधनंमधनं मान लववून. ओकसूनचं तोंड फुललं. तिनं गादीच्या कडेला हात थोपटून मला शेजारी बसायची खूण केली.

"काय सांगितलंत?"

"तुम्ही म्हणालात, हे घर आपलंच समजावं."

बाईबरोबर दोन माणसं होती. एक म्हातारा ढोलकरी. त्याचा ढोल डमरूसारखा, मधे बारीक, पण बैलाच्या वशिंडाएवढा मोठा. दुसरी तिची शिष्या, पंचेचाळिशीतली, सूमी नावाची. नाव ऐकून मला वाटलं आपल्याकडचीच कुणी सुमन असेल, पण ओठ बघितले आणि समजलं, ही साधी नाही. चिमटीत धरल्यासारखे बारीक ओठ. गुरूच्या मागं बसायची, गुरूला टॉवेल द्यायची, आणि गुरू उठली की ती कशी उठते ते बघत राहायची.

दुपारी मटण केलं होतं. मी स्वतः वाटण वाटलं. पाहुणी कशीही असो, द्वारकाबाईच्या ताटाला कुणी नाव ठेवू नये. जेवताना पटवर्धनबाईंनी माहिती सुरू केली. म्हणे या बाया म्हणजे गीसेंग. पूर्वी राजाच्या दरबारात असायच्या. गाणं, नाच, कविता, वीणेसारखं वाद्य, सगळं यायचं. काही जणी तर वैद्यकी शिकायच्या. फार मोठ्या विदुषी.

"लग्नं व्हायची?" मी विचारलं.

"म्हणजे... ते जरा वेगळं होतं."

"नाही व्हायची. आणि पोरी झाल्या तर?"

"त्या मग आईच्याच..."

"आईच्याच धंद्यात. मग विदुषी कशाला म्हणता, पटवर्धनबाई? लांबून आलेली चुलत बहीण म्हणा की."

पटवर्धनबाईंना ठसका लागला. ओकसूननं विचारलं असावं काय झालं म्हणून. या खेपेला भाषांतर लहानसंच झालं, आणि ते खरं झालं असावं, कारण बाईनं जेवण थांबवून माझ्याकडं बघितलं. मग स्वतःच्या ताटात हात घातला, नळीचा सगळ्यात चांगला तुकडा उचलला आणि माझ्या ताटात ठेवला.

स्वतःच्या ताटातला. उष्टा.

पंगत गार पडली. मंदानं डोळे मिटून घेतले. मी आयुष्यात शिव्या खाल्ल्या, नवसाचे उपास केले, दुष्काळात मिलोची भाकरी खाल्ली. उष्टं कुणाचं खाल्लं नाही.

"माझं पोट भरलं," मी म्हणाले आणि ताट सारलं.

तर बाईनं च्यक च्यक करून माझं ताट परत माझ्यापुढं ओढलं आणि बोटानं दाखवलं, खा. पोराला दाखवतात तसं.

"आक्का, वाळलात बघा तुम्ही," जयवंता म्हणाली. "खावा की. थोरामोठ्यांनी दिलंय."

मी हात धुतले. बोलून उपयोग काय होता? माझी शिवी त्या बाईच्या कानापर्यंत पोचेपर्यंत तिचा श्रीखंडाचा घास व्हायचा.

खेळ त्या दिवशी दुपारी चारला लावला होता. पुण्याची माणसं येणार, त्यांना उजेडात परत जायचं होतं. गावातले मानकरी, बाकीच्या पार्ट्यांच्या बाया, थेटरमालक, सगळे पुढं बसलेले. मी रंगपटात चाळ बांधत होते. पटवर्धनबाई आल्या आणि म्हणाल्या, "आक्का, क्रम असा ठरलाय. आधी जयवंताबाईंच्या मुली, मग मंदा, मग सूमी, मग तुम्ही, आणि शेवटी ओकसूनबाई."

मी चाळाची गाठ मारता मारता थांबले.

"शेवटी कोण?"

"ओकसूनबाई. त्यांच्याकडं तशी रीत आहे. जो वयानं मोठा तो शेवटी." त्यांनी श्वास घेतला. "आक्का, सकाळपासून तुम्ही रागावलात ते मला कळतंय. पण त्यांनी मुद्दाम काही केलं नाही. त्यांच्या भाषेत थोरल्याशी बोलायचं एक, धाकट्याशी बोलायचं दुसरं. वय कळल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही, म्हणून आल्या आल्या विचारलं. तुम्ही चोपन्न म्हणालात, त्या एकसष्ट. म्हणजे तुम्ही धाकट्या बहीण झालात. थोरलीनं पुढं चालायचं, मानाच्या जागी बसायचं. धाकटीचे लाड करायचे, आपल्या ताटातला चांगला घास तिला द्यायचा. तुम्ही तोंड फिरवलंत तेव्हा त्यांना वाटलं, धाकटी लाजतेय."

"हे सकाळी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही इतक्या पटकन चोपन्न म्हणालात..."

कोपऱ्यात जयवंता गजरा माळत होती. आरशातच बघत म्हणाली, "पाहुणीचा मान आहे, आक्का. एका दिवसाची तर बारी. सोडली म्हणून काय झालं?"

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या."

उद्याचं काय ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. सोडलेली बारी परत मागायची नाही. मी आज एकदा शेवटून दुसरी झाले की उद्या जयवंता मालकांपुढं उभी राहणार. आणि मी खरं वय सांगून थोरली व्हावं, तर तीच जयवंता खुंटीकडं बोट करणार, कारण मला तेव्हा पासष्ट पुरी झाली होती. आई सांगायची त्यावरनं पासष्ट. एखादं इकडंतिकडं झालं तर ते वरच. म्हणजे लहान राहिले तर बारी जाणार, मोठी झाले तरी बारी जाणार. खड्डा मीच खणला असं आज कुणी म्हणेल. म्हणू दे. चांगला खणला होता, जयवंताची मावशी त्यातच गेली होती.

"तिला म्हणावं, माझ्या आधी नाच," मी पटवर्धनबाईंना म्हणाले. "हे थेटर माझं आहे. घरधनीण शेवटी."

त्या जाऊन आल्या. तोंड उतरलेलं. "त्या म्हणतात, त्यांची स्वतःची काही हरकत नाही. पण थोरली धाकटीच्या आधी नाचली, हे सूमी परत जाऊन सांगणार. तिकडं त्याचा अर्थ एकच होतो, की बाईंची जागा गेली. सूमी त्या जागेसाठी कधीपासून थांबलीय."

पडद्याच्या फटीतून मी पलीकडं बघितलं. सूमी गुरूच्या अंबाड्यात ती चांदीची काडी खोचत होती. खोचताना आरशातल्या गुरूच्या कानामागच्या केसांकडं बघत होती, मुळाशी, कलप कुठं उतरलाय का बघावं तसं. तसं बघणारं तोंड माझ्याही घरात होतं, मंदाचं. त्याला मी रोज जेवायला घालत होते.

खेळ सुरू झाला. जयवंताच्या पोरींनी बोर्ड हादरवला. मंदा बरी नाचली, नेहमीपेक्षा डोळा कमी मारला, पुण्याची माणसं होती म्हणून. मग सूमी. तिचा नाच म्हणजे घोटून पाठ केलेला धडा. चूक एक नाही आणि जीव एक नाही. मग माइकवर नाव पुकारलं, "आता द्वारकाबाई वाळूजकर!"

मी बोर्डावर गेले, पण बसले नाही. आमच्या लक्षूमामानं ढोलकीवर थाप मारली, ती मी हातानं थांबवली आणि माइक ओढून घेतला.

"मंडळी, ही बारी माझी नाही," मी म्हणाले. "पाहुणीच्या मुलखात वयानं मोठी ती शेवटी, अशी रीत आहे. चांगली रीत आहे. पाहुणी एकसष्ट. मी पासष्ट पुरी. तवा ही बारी तिची आणि शेवटची माझी. पटवर्धनबाई, सांगा तिला. आणि गोड करून सांगू नका. आकडा आहे, त्याला साखर लागत नाही."

पहिल्या रांगेतला एक मानकरी, जो मला 'पोरी' म्हणायचा आणि माझ्याहून लहान होता, तो आ वासून बसला. आणि आतनं जयवंताचा आवाज आला, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा. गळा तिचा चांगलाच.

"मग चाळ खुंटीला, आक्का! रीत तुमचीच!"

मालक खुर्चीत सावरून बसले. कुणी तरी हसलं. मग आणखी कुणी तरी. मी तिथं चाळ बांधून उभी, माइक हातात.

एवढ्यात ओकसून बोर्डावर आली. पांढरं लुगडं म्हणावं तर लुगडं नाही, छातीपासून घोळच घोळ. पटवर्धनबाई तिच्या कानाशी बोलून मागं झाल्या. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग आत जयवंता उभी होती तिकडं. मग तोंडावर हात नेला, सकाळी माझा गाल थोपटला होता तोच हात. मला वाटलं, आता ही पण हसणार.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दोन्ही हात कपाळाशी नेले, एकावर एक. आणि खाली बसायला लागली. बसायला किती वेळ लागावा माणसाला? दिव्याची वात खाली करावी तशी ती खाली होत गेली. घोळ सगळीकडनं फुलून जमिनीवर पसरला. तिनं हात टेकले आणि हातांवर कपाळ टेकलं, माझ्या चाळांपासून वीतभर लांब.

टेकताना तिचा गुडघा कटकन वाजला. मी जवळ होते म्हणून मलाच ऐकू आला.

माझ्या पायाशी त्याआधी कुणी वाकलं नव्हतं. पैसा टाकलाय माणसांनी, पण पैसा टाकायला वाकावं लागत नाही. देवळात मला पायरीच्या खाली उभं केलंय. मंदाच्या शाळेतल्या बाईंनी माझ्या हातचं पाणी 'तहान नाही' म्हणून ठेवून दिलंय. आणि साता समुद्रापलीकडची बाई पाच पार्ट्यांसमोर, गावासमोर, पुण्यासमोर जमिनीला कपाळ लावून पडलेली, आणि उठेचना. मी काहीतरी बोलल्याशिवाय उठायचं नाही, अशी त्यांची रीत असावी.

"ऊठ बाई," मी म्हणाले. आवाज घोगरा आला. माइकचा दोष.

मालक उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून रांग उभी राहिली, रांग उभी राहिली म्हणून थेटर. मालक आत बघून म्हणाले, "जयवंता, परमुलूख जिच्यापुढं वाकतो तिला आपण उठवायचं? चाळ कधी काढायचे ते द्वारकाबाई सांगेल." तिच्या गजऱ्याच्या कळ्या जमिनीवर पडलेल्या मी नंतर बघितल्या.

मग ओकसून नाचली. मी आत उभी राहून बघितली. काय सांगू? पायात घुंगरू नाही, कंबरेला झोका नाही, बघणाऱ्याकडं बघणं नाही. हातात एक लांब पांढरा शेला आणि सोबतीला तो वशिंडाएवढा ढोल, आपला म्हाताऱ्या बैलाच्या चालीनं. सुरवातीला मागच्या पोरांनी शिट्टी मारली. तिनं नुसता श्वास घेतला आणि श्वासाबरोबर खांदा उचलला, आणि तिथंच ठेवला. शिट्टी परत आली नाही. शेला जमिनीवर टाकला आणि त्याच्याकडं बघत राहिली. कुणीतरी गेलेलं माणूस असावं तिथं, असं बघितलं. लक्षूमामाच्या तोंडात तंबाखू होती, ती त्यानं चघळायची थांबवली.

मी भारावले वगैरे नाही. मी तिचे पाय बघत होते. शेला उचलायला ती खाली बसली आणि उठताना एक गिरकी घेतली, एका बाजूनं, शेल्याच्या आडून. लोकांना तो नाच दिसला. मला गुडघा दिसला. दुखरा गुडघा घेऊन कसं उठायचं ते मी गेली काही वर्षं रोज करत होते. पण माझा गुडघा पासष्टीचा. हा त्याहून जुना वाजत होता.

माझी शेवटची बारी कशी झाली ते मी सांगणार नाही. जयवंताला विचारा. ती आत बसून ऐकत होती, आणि उठून गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी चहाला बसलो. आता सगळं उलटं. ओकसून गादीवर बसायला तयार नाही, खाली चटईवर. बशी दोन्ही हातांनी घेणार. आणि चहा प्यायची वेळ आली की माझ्याकडं पाठ केल्यासारखं तोंड फिरवून पिणार.

"थोरल्यांसमोर—" पटवर्धनबाई सांगायला लागल्या.

"कळलं, कळलं. तुमच्या कोरियात थोरलं व्हायचं म्हणजे लोकांच्या पाठी बघायच्या."

सूमी ढोलकऱ्याबरोबर ढोल गाडीत ठेवायला बाहेर गेली. ती जाताच ओकसूनची जीभ सुटली. म्हातारी माणसं सुटतात तशी. लहानपणी ती कशी शिकली ते सांगायला लागली. मुलींना नाच शिकवायचं घर होतं. गुरू कडक. दोन गुडघ्यांच्या मधे फडकं धरून चालायला लावायची, फडकं पडलं की जेवण बंद. पण जेवण तरी कुठलं? लढाई चालू होती, जपान्यांनी घराघरातली पितळेची भांडी गोळ्या ओतायला नेली होती, म्हणून त्या मुली भोपळ्याच्या कवटीत पेज घेऊन प्यायच्या. तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि तरी गुरूनं तिला पाहुण्यांपुढं नाचायला उभं केलं, इतकी चांगली नाचायची, म्हणे.

"कुठली लढाई?" मी विचारलं.

"जपानची. म्हणजे तीच हो, हिटलरची. सगळी एकच ती."

"ज्या लढाईत आपल्याकडं रॉकेलला रांगा लागल्या ती?"

"तीच."

"त्या रांगेत आई मला कडेवर घेऊन उभी राहायची," मी म्हणाले. "ती सांगायची, मी तिचं मंगळसूत्र, खोटं होतं ते, तोंडात घालून चोखायची म्हणून."

पटवर्धनबाईंनी बोटं मोजायला घेतली. मधेच थांबल्या. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाल्या. "आक्का, माझी ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल."

"तुमची ऐकण्यात चूक होत नाही, पटवर्धनबाई. तुमची सांगण्यात होते."

ओकसूननं आमची दोघींची तोंडं बघितली. तिला काय समजायचं ते समजलं. खेड्यातली अडाणी बाई, हिला कुठं लढाया मोजता येणार, अशा भरवशावर बोलली होती. तिनं आधी दाराकडं बघितलं. सूमी अजून गाडीपाशी होती. मग तिनं अंबाड्यातली काडी चाचपली आणि हळू आवाजात दोनच वाक्यं बोलली.

"त्या म्हणतात," पटवर्धनबाई घशातल्या घशात म्हणाल्या, "काल त्यांनी जयवंताबाईंचं तोंड बघितलं. तसलं एक तोंड त्यांच्याकडं पण आहे, ते आत्ता ढोल ठेवतंय."

मी आईच्या कडेवर होते तेव्हा ही नऊ वर्षांची. सत्तरीची बाई. पाच वर्षं तरी मोठी माझ्याहून. उंबऱ्यात उभी राहून वय विचारलं तेव्हापासूनच मोठी. आणि चारचौघांत माझ्यापुढं कपाळ टेकवून पडली, गुडघा मोडत असताना. 'मी हिच्याहून थोरली आहे' एवढं बोलली असती तर शेवटची बारीही तिचीच होती. पण त्या एका वाक्याला, सत्तरी झाली आता नाच सोडा म्हणायला, सूमी कान लावून बसली होती. बाईनं मान घालवला, कपाळ टेकलं, पण आपल्या जागेवर एकसष्टची राहिली. आणि जाता जाता मला माझी बारी देऊन गेली, हळदीकुंकवाचं वाण द्यावं तशी.

सूमी दारात आली. गाडीची वेळ झाली, असं खुणेनं म्हणाली. ओकसून उठली. उठताना मी हात दिला. तिनं तो घेतला, आणि सूमीला दिसू नये म्हणून तो नमस्काराचा करून घेतला.

"काय सांगू त्यांना?" पटवर्धनबाईंनी विचारलं.

"तुम्ही काही सांगू नका. या शिष्येसमोर तर मुळीच नको. मीच सांगते, माझ्या भाषेत."

मी तिचे दोन्ही हात धरले. सूमी बघत होती, म्हणून पोरीला सासरी लावताना आशीर्वाद द्यावा तसल्या आवाजात म्हणाले, "लबाड आहेस तू. आल्या दिवशी माझ्या गादीवर बसलीस, माझ्या ताटात उष्टं टाकलंस, ते मी विसरणार नाही. काल बोर्डावर मला वाटलं, मी थोर झाले. कसली थोर! तू मला थोर करून बसवलंस आणि स्वतः कोवळी राहून निघालीस. नाचात मी तुला हार गेलेली नाही. घुंगराशिवाय नाच असतो हे मला मान्य नाही. पण खोटं बोलण्यात, बाई, शेवटची बारी तुझी."